केरबाकाकांचा कान

कराडजवळच्या त्या पंपांच्या कारखान्यात वीज वाचवायचं काम रेश्माकडं आलं, तेव्हा तिची गाठ पडली ती माणसांच्या सवयींशी. शहरात राहून डिप्लोमा केलेली पोरगी, बोलणं हळू. पाळी सुटताना जो तो कॉम्प्रेसरच्या हवेची नळी घेऊन अंगावरचा लोखंडाचा कीस उडवायचा. ती हवा भरायला सगळ्यात जास्त वीज जाते, असं तिनं परोपरीनं समजावलं, तर कामगारांतला मल्हार म्हणाला, "मग मॅडम, आमी घरला काय असंच राखंत लोळल्यागत जायचं व्हय?" सगळे हसले.

केरबाकाका तेवढे हसले नाहीत. तीस वर्षं त्याच शेडमध्ये काढलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी खुंटीला अडकवली, घरनं आणलेल्या ब्रशानं शर्ट झाडला आणि बाहेर पडले. पंधरा दिवसांत सगळ्यांच्या डब्याच्या पिशवीत ब्रश आला. मल्हारच्यासुद्धा.

रेश्माला देव पावल्यासारखं झालं. म्हणून पाइपातली गळती शोधायचं कामही तिनं काकांनाच दिलं. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असे. सगळी मशिनं बंद, नुसता कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि पाइपाच्या कडेनं कान देत फिरायचं. फुसफुस ऐकू आली की तिथं लाल चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नाव. काका पूर्वी शेडच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची गळती सांगायचे, असं सगळे म्हणत.

तीन गुरुवार काका फिरले. चिठ्ठी एकही बांधली नाही. सगळं गप आहे, पोरं सुधारली, असं सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा. कॉम्प्रेसर मात्र घटकाभर दम खायला थांबत नव्हता. हवा कुठं गळत नसती, तर टाकी भरून तो आपोआप थांबला असता.

चौथ्या गुरुवारी रेश्मा स्वतः आली. तिचा उपास, म्हणून काकांनी शेंगदाण्याचा लाडू आणला होता. तो हातात घेऊन ती त्यांच्यामागनं चालू लागली आणि चौथ्या खांबापाशी थबकली. सापानं फुत्कारावं तशी हवा सुटत होती, काकांच्या कानापासून वीतभर अंतरावर. काकांनी डोळे मिटले, नीट ऐकलं, समाधानानं मान हलवली आणि पुढं गेले.

सोमवारच्या भजनाला काका हल्ली जात नाहीत, पोरं टाळ जीव लावून वाजवत नाहीत म्हणून रुसलेत, हे तिनं काकांच्या आळीतल्या बायकांकडनं ऐकलं होतं. ते कोडं तिला आत्ता सुटलं. टाळ असो की फुसफुस, असले बारीक आवाज काकांना ऐकूच येईनासे झाले होते. निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. वर कळलं, तर काकांना मशीनवरनं उठवून गेटवर बसवतील. मागं ज्ञानू नावाच्या जुन्या कामगाराला असंच बसवलं होतं, तर तो महिन्याभरातच काम सोडून गेला.

काका घरी गेल्यावर ती एकटीच फिरली. नऊ जागा सापडल्या. उपासाच्या दिवशी खोटं लिहितेय म्हणून तिनं मनातल्या मनात हात जोडले आणि नऊही चिठ्ठ्यांवर नाव घातलं, केरबा.

शुक्रवारी सकाळी मल्हारनं काकांच्या पाठीवर थाप मारली, कान लय भारी म्हणाला. चौथ्या खांबाजवळ जाऊन काकांनी बोट ओलं केलं आणि सांध्याजवळ धरलं. बोटाला गार लागलं असणार. कितीतरी वेळ त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नऊच्या नऊ चिठ्ठ्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या.

"जागेवर खडूनं खुणा केल्यात. चिठ्ठ्या तुज्या नावाच्या बांध."

"काका, मी वर काही सांगणार नाही."

"म्याच सांगून आलो. मला वाटायचं, पोरी, तुजं ऐकून समदी सुदारली. टाळाचं बी तसंच. उगंच बोल लावला मी पोरास्नी."

नऊही गळत्या बुजवून झाल्या. आता काका गेटवर बसतात. गुरुवारी रेश्मा एकटीच पाइपाच्या कडेनं फिरते. ती परत जाताना ते तिच्या हातावर लाडू ठेवतात आणि विचारतात, "गप हाय न्हवं?"

ती मान हलवते. आता खरंच गप असतं.