शेकोटीचं लेबल

मी एक व्हिस्कीची बाटली बोलतेय. माझ्यात आता व्हिस्कीचा थेंबही नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आशेने ऐकत बसायला नको.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथे मी लालभडक आणि मऊ होते. मग साच्यात घालून माझ्यात हवा फुंकली, मला आकार आला आणि मी गार होत गेले. त्यानंतर बरेच दिवस मला काहीच वाटलं नाही. पुढे माझ्यात व्हिस्की भरली. ती माझ्याहून वयाने मोठी होती. लाकडी पिंपात कितीतरी वर्षं काढून आलेली, त्यामुळे माझ्याशी फारशी बोलली नाही. मग मला एक लेबल चिकटवलं. त्यावर पेटलेल्या शेकोटीचं चित्र होतं. ती शेकोटी रात्रंदिवस माझ्या अंगावर होती, पण तिची धग मला कधी लागली नाही.

दुकानात माझी जागा फळीच्या अगदी टोकाला, खिडकीजवळ होती. तिथून मी माणसं बघायचे. पहिल्यांदा दारू घ्यायला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. तो आधी दुकानावरून पुढे जातो, मग परत येतो. आत आला की फरशीकडे बघतो आणि म्हणतो, "पाहुण्यांसाठी हवी होती."

दुकानदार चेहरा गंभीर ठेवून विचारायचा, "पाहुण्यांना गोडसर चालेल की कडक?"

"मला गोडसरच बरी," असं तो म्हणून जायचा आणि मग त्याचे कान लाल व्हायचे.

एका दुपारी एक माणूस आला. तो पाहुण्यांबद्दल काहीच बोलला नाही. भर उन्हाळ्यात त्याच्या अंगात जाड जॅकेट होतं. त्याने सरळ विचारलं, "यातल्या कशात सगळ्यात जास्त ऊब आहे?"

दुकानदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला का?"

"हो. खोकी रचतो."

"कधी घेतली आहे का आधी?"

"नाही. तिथले सगळे म्हणतात, घोटभर घेत जा, बोटं सुटी होतील. सहा महिने झाले, घरी गेलो तरी बोटं गारच राहतात. शर्टाचं बटण लागत नाही. परवा हातातून खोकं पडलं. साहेब म्हणाले, असंच चाललं तर जागा बदलावी लागेल."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले, बोटांना काही झालेलं नाही."

दुकानदाराने बाटल्या पुढे काढल्या. "ही रम, हिची चव गोडसर. ही ब्रँडी, घशाला त्रास कमी देते. व्हिस्कीची सवय व्हायला वेळ लागतो. नवीन आहात, तर थोडीच घ्या, पाणी घाला, आणि एकदम नाक खुपसून वास घेऊ नका, ठसका लागेल. पण भाऊ, खरं सांगू का? ही सगळी मंडळी ऊब आणतात असं नुसतं वाटतं."

त्या माणसाने ऐकलं की नाही, कळलं नाही. त्याने खिशातून एक तापमापक काढला. लांब सुई आणि वर घड्याळासारखी गोल तबकडी. कामावर तो ही सुई खोक्यांत खुपसून आतला माल नीट गोठलाय की नाही ते बघायचा. आता तो एकेका बाटलीला ती सुई टेकवून थांबू लागला. रमजवळ थांबला, ब्रँडीजवळ थांबला. शेवटी माझ्याजवळ आला आणि तबकडीवरचा काटा वर सरकला.

"ही द्या," तो म्हणाला. "हिच्यात जास्त आहे."

"अहो, ती सकाळपासून उन्हात आहे."

"असू दे. काटा खोटं बोलत नाही."

दुकानदार हसला, पण फार नाही. त्याने मला कागदात गुंडाळलं.

घर लहान होतं. दोन खुर्च्या वापरातल्या होत्या, एक त्याची, एक त्याच्या मुलीची, आणि तिसरीवर घडी घातलेले कपडे होते. ती तिसरी खुर्ची मुलीच्या आईची. ती सहा महिन्यांपूर्वी गेली होती. हे मला कोणी सांगितलं नाही. त्याची मोठी बहीण मला टेबलावर बघून बोलली, तेव्हा कळलं.

"हे काय नवीन?"

"औषध आहे, ताई."

"औषधावर शेकोटी असते होय रे?"

"बोटांसाठी आणलंय."

"ती असताना नाही लागलं कधी. दारातून आलास की तुझे हात हातात घेऊन बसायची. आम्ही चिडवायचो, नवरा आला की घरात बर्फ आला म्हणून."

ताईने त्या खुर्चीवरचे कपडे उचलले, पुन्हा घडी घातली आणि परत तिथेच ठेवले.

पहिल्या संध्याकाळी त्याने थोडी व्हिस्की ओतली, पाणी घातलं आणि डोळे मिटून प्यायला. त्याचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. मग नाक वाहू लागलं. मुलगी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला अभ्यास करत होती. तिने रुमाल पुढे सरकवला.

"छातीत गरम वाटतंय," तो म्हणाला. त्याने सुई मुठीत धरली आणि वाट बघितली. काटा जागचा हलला नाही. "बोटांपर्यंत पोचलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशीही असंच झालं. तिसऱ्या दिवशीही. तो घ्यायचा, मुठीत सुई धरायचा, आणि ती दोघं तबकडीकडे बघत बसायची. मला वाटतं, तेवढाच वेळ ती दोघं एकत्र काहीतरी करत असायची.

मग एक संध्याकाळ अशी आली की त्याने पेला भरला, संपवला, पुन्हा भरला, आणि तापमापक खिशातून काढलाच नाही.

मुलीने पेन खाली ठेवलं. "बाबा, मोजलं नाहीत."

"राहू दे."

"का?"

"आता गार लागत नाही."

"म्हणजे गरम झालं?"

"नाही. काहीच लागत नाही. बरं आहे हे."

मी निम्म्याच्या खाली आले होते. माझ्यातून तो दिवा, भिंत, मुलगी, सगळं पिवळं आणि वाकडं दिसत होतं. काहीच न लागणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मी काच आहे, मला ते शोभतं.

मुलगी उठली. ती हळू बोलणारी, हळू चालणारी मुलगी. तिने त्याच्या खिशातून तापमापक काढला आणि त्याच्या मुठीत दिला. बोटं नीट मिटेनात, म्हणून तिने आपले दोन्ही हात वरून धरले. आणि तशीच उभी राहिली.

आधी काही झालं नाही. मग काटा हलला. थोडासा. मग आणखी.

"चढतोय," ती म्हणाली.

"तुझ्या हातांचा आहे तो."

"असू दे. काटा खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणता."

तो काट्याकडे बघत राहिला. नंतर त्याची मान खाली गेली आणि खांदे हलू लागले. मुलीने हात सोडले नाहीत. बऱ्याच वेळाने तो एवढंच म्हणाला, "बोटांना मुंग्या येताहेत." हात शुद्धीवर येताना मुंग्या येतात, दुखतंही.

मला त्यानेच मोरीत रिकामं केलं. व्हिस्कीने जाताना निरोपही घेतला नाही.

बोटं लगेच सुधारली असं नाही. काही दिवस बटण लागतं, काही दिवस नाही. कामाची जागा अजून तीच आहे.

मी आता ओट्यावर असते. ज्या संध्याकाळी मुलीची शिकवणी असते, त्या दिवशी ती निघण्याआधी माझ्यात गरम पाणी भरते. कढत नाही, काच तडकेल म्हणून. मग मला एका जुन्या लोकरी मोज्यात घालून तिसऱ्या खुर्चीवर ठेवते. तिथले कपडे आता कपाटात गेलेत. मी म्हणजे बदली कामगार.

तुम्ही कधी त्या फळीसमोर उभे राहिलात आणि कोणती घ्यावी ते कळेना, तर आम्हा बाटल्यांना विचारू नका. आम्हाला जे भराल, तेवढंच आमच्याजवळ असतं.

आज त्याला उशीर झालाय. वाटेत ते दुकान लागतं. माझ्यातलं पाणी निवत चाललंय आणि मला ते जाणवतंय. भट्टीनंतर पहिल्यांदाच मला काही जाणवतंय, आणि ते सुखाचंच आहे असं नाही.

कडी वाजली. तोच आहे. हात रिकामे आहेत. त्याने जॅकेटही काढलं नाही, सरळ माझ्यापाशी आला आणि मोज्यावरून दोन्ही हात ठेवले. मग एक हात काढून खिशात घातला आणि तापमापक शोधू लागला.