धुक्यातले बासष्ट

बाबांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचं एकेक अक्षर माझ्यापेक्षा उंच असायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगठ्याएवढ्या शिपायांचा छंद धरला. राखाडी प्लास्टिकचे शिपाई आणायचे, त्यांचे अंगरखे, ढाली, डोळे रंगवायचे, पायाखालच्या गोल चकतीवर वाळू आणि खोटं गवत चिकटवायचं, आणि मग दोघांनी समोरासमोर बसून, फासे टाकून टेबलावर लढाई खेळायची. हा शेवटचा भाग अकरा वर्षांत आलाच नव्हता.

समोरचं सैन्य शिंपीकाकांचं. म्हणजे बाबांच्या दुकानाशेजारी ज्यांचं शिलाईचं दुकान होतं ते. दोघांनी पहिल्याच दिवशी वहीच्या पानावर नियम लिहून सह्या केल्या होत्या. एक: रंग पूर्ण झाल्याशिवाय शिपाई पटावर उतरणार नाही. दोन: ज्याचं सैन्य, त्याचाच कुंचला. तीन: हरेल त्याने चहा करायचा. हरायला कोणी खेळलंच नाही, त्यामुळे चहा अकरा वर्षं मी केला.

शिंपीकाका दर आठवड्याला यायचे. संवाद ठरलेला.

"किती झाले?"

"झालेच. घोडदळ तेवढं राहिलंय."

"म्हणजे वरातीमागून घोडं."

"आणि तुझे?"

"माझेही थोडे राहिलेत. घाई कसली?"

यंदा घाई झाली. आधी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि पाठोपाठ शिंपीकाकांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकूंना बाहेर नेऊन "दहा-बारा दिवस" असं हळू सांगितलं. दार प्लायवूडचं होतं. काका आतून ओरडले, "डॉक्टर, नक्की बारा धरू का? एक लढाई खेळायची राहिलीय."

बाबांच्या बासष्ट शिपायांपैकी शेवटच्या पाच घोडेस्वारांचे डोळे तेवढे बाकी होते. पांढऱ्यावर काळं करायचं, बस. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. खोटे दात बनवते आणि ते शेजारच्या खऱ्या दातांइतके पिवळे दिसतील असे रंगवते. दहा डोळे म्हणजे माझं पाच मिनिटांचं काम.

"बाबा, द्या इकडे."

"नियम दोन."

"कुणाला कळणार आहे?"

"ज्याचे डोळे आहेत त्याला," असं म्हणून त्यांनी घोडेस्वाराकडे बोट दाखवलं.

मग ते रोज सकाळी हात त्यातल्या त्यात शांत असताना बसायचे. उजव्या हातात कुंचला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, कोपर टेबलाला टेकलेलं, श्वास बंद. एका सकाळी एक डोळा, फार तर दोन. एका घोडेस्वाराच्या गालावर तीळ आला. बाबांनी बराच वेळ विचार करून ती युद्धातली जखम असल्याचं जाहीर केलं.

आठव्या दिवशी डोळे संपले. उरलं फक्त वार्निश. रंग हाताळून उडू नये म्हणून शेवटी त्याचा फवारा मारतात. फवारा म्हणजे कुंचला नव्हे, असा बाबांनी निकाल दिला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कायद्यात बसले.

"उद्या खेळतोय म्हणून सांगून येतो त्याला," असं म्हणत ते निघाले. दारात वळून म्हणाले, "आधी एकावर मार. तासभर थांब. मग बाकीचे."

"बाबा, मी रोज हेच काम करते."

"तू दातांचं करतेस. दातांवर कोणी चाल करून येत नाही."

डब्यावर लिहिलं होतं: दमट हवेत वापरू नये. गच्चीवरचे कपडे दोन दिवस वाळले नव्हते. मला शिपायांना जागा करायला ते ओले कपडे हातांनी बाजूला सारावे लागले, म्हणजे हवा दमट आहे हे मला अगदी हाताने कळलेलं होतं. पण त्या तासाभराचा मला राग आला. काकांकडे चार दिवस उरलेले, आणि मी एका शिपायाकडे बघत तास काढायचा? मी बासष्टही जणांना खोक्याच्या झाकणांवर उभं केलं आणि सगळ्यांवर फवारा मारला.

दहा मिनिटांत ते पांढरे पडले. रंग कुठे गेला नव्हता, वार्निशच्या खाली दिसत होता, पण आंघोळीनंतर आरशात आपण दिसतो तसा. लाल अंगरखे, निळ्या ढाली, बाबांनी श्वास धरून काढलेले ते दहा डोळे, सगळं धुक्यात.

इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की तेल चोळलं की जातं. मी चोळलं. धुकं अर्धवट गेलं, तेल मात्र पूर्ण राहिलं. आता ते धुक्यात उभे असलेले पहिलवान दिसत होते.

बाबा आले. मी तीन वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी झाकणांवरून नजर फिरवली.

"आधी एकावर मारलास?"

"नाही."

"हं."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. धुकं तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सैन्य खोक्यात भरून काकांकडे नेलं. न्यायचं नाही असंच बाबा म्हणत होते, पण मी खोकं उचलून आधीच जिना उतरले. काका उशीला टेकून बसले होते. गळ्यातल्या मापाच्या टेपची सवय सुटली नव्हती, तिथे आता टॉवेल होता. त्यांनी एक घोडेस्वार उचलून डोळ्यांजवळ धरला.

"थंडीतली लढाई आहे वाटतं."

"माझ्यामुळे झालं, काका."

"छान झालंय गं पोरी. शत्रूला नेम धरता येणार नाही." मग बाबांकडे बघून म्हणाले, "बस. माझी पेटी कपाटावर आहे, ती काढ. खेळू."

बाबा बसले नाहीत. "हे रंगवलेले म्हणता येणार नाहीत."

"अरे, मी म्हणतोय ना, चालेल."

"नियम एक. तुझीही सही आहे."

"मग मी ती सही मागे घेतो."

"तशी सोय नाहीये त्यात."

मी म्हणाले, "बाबा, बसा ना! एकदा खेळा."

"चार दिवसांत नीट करून आणतो," बाबा काकांना म्हणाले. "असलं अर्धवट काम घेऊन मी तुझ्यासमोर बसणार नाही."

काका बाबांच्या हाताकडे बघत होते. तो खिशात घातलेला होता आणि खिसा थरथरत होता. मग त्यांनी घोडेस्वार जपून खोक्यात ठेवला.

"बरं झालं बाबा तूच म्हणालास," ते म्हणाले. "माझेही थोडे राहिलेत. घाई कसली?"

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. डॉक्टरांचे बारा दिवस अकराच भरले. तोपर्यंत बाबांनी दोन ढाली पुन्हा रंगवल्या होत्या.

महिन्याभराने काकू स्वतः पेटी घेऊन आल्या. "कपाटावर धूळ खात पडली होती. तुम्हीच ठेवा. त्यांचा जीव होता यात."

बाबांनी झाकण उघडलं. आत खाचा केलेला फोम आणि त्यात साठ शिपाई. एकही राखाडी नाही. अंगरख्यांच्या काठाला बारीक टीप घातलेली, कुंचल्याने, एकेक टाका मोजता येईल अशी. चकत्यांवर वाळू, गवत, एकीवर तर सुईच्या टोकाएवढी फुलं. वार्निश इतकं स्वच्छ की नाहीच असं वाटावं. मी एक शिपाई उलटा केला. चकतीखाली तारीख होती. दुसरा उलटा केला. मग सगळेच केले. सगळ्यात उशिराची तारीखसुद्धा नऊ वर्षांपूर्वीची होती.

"हे तर कधीच झाले होते," मी म्हणाले.

"कधीच म्हणजे काय, त्यालाच खूप वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "मी म्हणायचे, जा की खेळायला, सांगा की त्यांना. तर म्हणायचे, सांगितलं तर तो घाई करेल, आणि घाईत केलेलं त्याला आवडणार नाही."

काकूंसाठी चहा करायला बाबा स्वतः उठले. आमच्या घरात मी पहिल्यांदाच ते बघितलं. अर्धा बशीत सांडला.

आता काकांचं सैन्य टेबलाच्या एका बाजूला उभं आहे, पूर्ण. दुसऱ्या बाजूला जागा मोकळी आहे. बाबांनी आपल्या बासष्ट जणांचा रंग उतरवायला घेतलाय. एकेकाला बरणीतल्या द्रावात बुडवतात आणि जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा राखाडी करतात. मी करू का, असं मी आता विचारत नाही. या हाताच्या वेगाने वर्षाला तीन शिपाई होतील. बासष्ट भागिले तीन. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. मी गणित केलं आणि त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही ते केलेलं असणार, कारण तेही मला काही सांगत नाहीत.

काल पहिला पूर्ण झाला. त्यांनी मनगट सोडलं, श्वास सोडला आणि त्याला उजेडात धरलं. एक डोळा समोर बघत होता, दुसरा खिडकीबाहेर.

"चकणा झालाय हो," मी म्हणाले.

"असू दे," बाबा म्हणाले. "समोर आहे कोण बघायला?"

आणि त्यांनी त्याला काकांच्या साठ जणांसमोर एकट्यालाच नेऊन ठेवलं.