दोष जाळीचा नाही

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मोठे मासे धरणाऱ्या धटिंगण जाळ्यांशी माझं नातं फार लांबचं. मी बारीक विणीची, नरसाळ्याच्या आकाराची, आणि माझ्या टोकाला एक बरणी बांधलेली असते. माझं बिऱ्हाड एका छोट्या बोटीवर आहे. बोट दादाची, आणि समुद्राचा अभ्यास करते ती त्याची धाकटी बहीण, माझी ताई. हिवाळ्यात इथला समुद्र गोठतो. वसंत आला की दादा बर्फाच्या कडेशी बोट उभी करतो आणि ताई मला पाण्यात सोडते.

बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शेवाळ धरतं. तेच या समुद्राचं शेत. गव्हाच्या दाण्याहून लहान असे जीव ते खातात आणि अंगात तेल साठवून चांगले गुबगुबीत होतात. त्यांच्यावर छोटे मासे आणि कड्यावरचे पक्षी जगतात, माशांवर सील आणि सीलवर पांढरं अस्वल. पूर्वी मी वर आले की बरणी लालसर दिसायची. ताई ती उजेडात धरून माझं कौतुक करायची, आणि मी भाव खायचे.

पुढे बर्फ लवकर वितळू लागला. बरणीत बारके, किडकिडीत जीव तेवढे येऊ लागले. दादा वैतागला. जाळी जीर्ण झाली, हिला टाकून नवी आण, असं ताईला सांगून त्याने मला दोरखंडांच्या ढिगावर भिरकावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! अंगावरचं खारं पाणीही कोणी धुतलं नाही. मला फार राग आला.

नवी जाळी आली, झोकात पाण्यात उतरली आणि तेच किडकिडीत जीव घेऊन वर आली. दुकानदाराने फसवलं, असं दादा पुटपुटला.

ताई शांतपणे म्हणाली, "दादा, जाळी फाटकी असती तर आधी बारके निसटले असते. इथे तर जाडेच नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. पण ताईचा चेहरा पाहिला आणि सुटल्याचा आनंद काही टिकला नाही. बर्फ लवकर गेला, शेवाळाचा हंगाम हुकला. जाड्यांची पिल्लं जेवायला आली तेव्हा ताटं उचलली गेली होती. त्यांच्या जागी उबदार पाण्यातून आलेल्या या किडकिडीतांच्या अंगात तेल ते कितीसं असणार?

दादाने कड्याकडे पाहिलं. पक्षी हल्ली चाऱ्यासाठी फार लांब जातात आणि पिल्लं ताटकळत बसतात, हे त्याने पाहिलं होतं. मग असली किडकिडीत बरणी बघायला यायचं तरी कशाला, असं तो म्हणाला.

"आजारी माणूस रोड झाला म्हणून डॉक्टर त्याचं वजन करायचं सोडतो का?" ताईने विचारलं.

दादा दोरखंडांच्या ढिगाकडे वळला. त्याने मला उचललं, गोड्या पाण्यात धुतलं आणि सावलीत वाळत घातलं. आता आम्ही दोघी जाळ्या शेजारी शेजारी पाण्यात उतरतो. नवी जरा शिष्ट आहे, पण शिकेल.

मित्रांनो, आपल्या वस्तूंची निगा राखा, हे तर मी सांगणारच. पण मला कितीही जपलं तरी माझी बरणी बर्फाखालीच भरते. तो बर्फ मला राखता येत नाही, तुम्हा माणसांना येतो; तुमच्या धुराने तापलेली हवाच तो वितळवते. तो राखा. तोवर दर वसंतात मी पाण्यात उतरणार, आणि जे असेल तेच वर आणणार.