अनुपमाच्या हातचे

माझी धाकटी जाऊ अनुपमा लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत अनारसे तळायला बसली, आणि एकेक अनारसा तुपात विरघळून गेला. आमच्याकडे त्याला अनारसा हसला म्हणतात. त्याच्याबरोबर आमच्या नणंद माणिकबाईही हसल्या. अकोल्याला परत जाऊन त्यांनी सासरच्या आळीभर सांगितलं, "आमच्या अमरावतीच्या वहिनीनं अनारशाचा शिरा केला!" पुढं दर भाऊबीजेला माहेरी आल्या की तेच. अनुपमा तोंडावर हसायची आणि कोठीत जाऊन डोळे पुसायची.

या साली तिनं पुन्हा तांदूळ भिजवले. "हे बिघडले ना ताई, तर मी जन्मात कढईपुढं बसणार नाही," मला म्हणाली. मी तिच्यासाठी देवापुढं वात लावली, पण तळणीला हात लावला नाही. आणि काय सांगू! जाळीदार, खसखशीनं भरलेले, एकही हसला नाही.

धनत्रयोदशीला दुपारच्या मोटारीनं अकोल्याला फराळाची टोपली जायची होती. शेजारचे पंजाबराव नेणार होते. प्रत्येक पुड्यावर सणाची चिठ्ठी बांधायची आमच्याकडे रीत. ती दरसाल मामंजी लिहीत. वर श्री, खाली स्वतःचं नाव. यंदा मोतीबिंदू काढल्यानं त्यांच्या डोळ्यांवर पट्टी, हे कोर्टाच्या तारखेसाठी नागपूरला, भावजी शाळेत. मी रोज पाणी पिण्याआधी रामनाम लिहिते, म्हणून काम माझ्याकडं आलं.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या. भेंडी आडवी चिरून कुंकवाच्या पाण्यात बुडवली आणि कडेनं ठसे उठवले. फुलंच फुलं झाली. हळदीत भिजवलेला दोरा ओवला. मग बोरू हातात घेतला आणि थांबले.

मामंजींचं नाव आम्ही सुना कसं लिहिणार? सासूबाईंनी तर उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं.

"मंग माह्या नावानं लिव," सासूबाई म्हणाल्या. "अनारशावर लिव, आईच्या हातचे. माणिक मुकाट्यानं खाईन. नाहीतर ते पोरगी पुडा उघडाच्या आधीच नाक मुरडते."

"आई, कार्तिकस्नान चालू आहे. या दिवसांत खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे."

"हे लिवनं आहे, बोलनं नाही!"

"देवाला दोन्ही सारखंच."

अनुपमानं माझा हात धरला. "ताई, लिहा ना आईंच्या हातचे. मले चालते. पुन्हा आळीभर शोभा नको."

"अगं, चांगले झालेत ना?"

"झालेत."

"मग घाबरून काहून राहिली?"

पंजाबराव ओसरीवरून ओरडले, "अनसूयाबाई, मोटार काय तुमची वाट पाहून राहिली का?" मी बोरू टेकवला आणि लिहिलं : श्री. अनुपमाच्या हातचे अनारसे. लाडवावर माझं नाव, चकलीवर आईंच्या हातची. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण टोपली गेली.

त्यानंतरचे दिवस अनुपमानं कसे काढले, ते मी पाहिलं. दारात टांगा थांबला की ती आत पळायची.

भाऊबीजेला माणिकबाई आल्या त्या चपला काढायच्या आधीच गरजल्या, "ते चिठ्ठी कोनं लिवली?"

"मी, वन्सं," मी म्हटलं.

"अन् अनुपमा कुठी आहे?"

अनुपमा कोठीच्या दारामागं. मीच तिला हाताला धरून पुढं आणलं.

माणिकबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माह्या सासूनं पुडा उघडला, एक खाल्ला, दुसरा खाल्ला. मंग चिठ्ठी घेऊन सारी आळी फिरली. सुनेची भावजय पाहा म्हने, अन् आमची सून पाहा! मले म्हने, शिकल्याशिवाय वापस येजो नको."

ओसरीवर डोळ्यांना पट्टी बांधून बसलेले मामंजी असे मोठ्यानं हसले, की सासूबाईंना पदर तोंडाशी न्यावा लागला.

"अनुपमे, मले शिकव," माणिकबाई खाली मान घालून म्हणाल्या. "शिऱ्याचं मी उगाच बोलत होती."

मी अनुपमाकडं पाहिलं. वाटलं, आता रडेल. पण तिनं पदर खोचला.

"वन्सं, तांदूळ तीन दिवस भिजवा लागते. मग कुटनं, मग पीठ मुरवनं. तुमी तर उद्या सकाळीच निघता."

"राहातो ना मी!"

"घाई केली तर हसतात बरं का."

"माय, बोलते कशी पाहा!" माणिकबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या.

सासूबाईंनी मला हळूच कोपरखळी मारली. "पुढच्या साली चकलीवर नुसतं आई नको लिवू. माह्यं नाव लिवजो. गंगूबाई."

तोवर अनुपमानं सूप आणलं होतं, आणि नणंदेला तांदूळ निवडायला खाली बसवलं होतं.