चार नंबरचं शून्य

"खिडकी रंगानं चिकटलीय, हीटरची चावी तुटलीय. शिजून मरणार आपण," तुरात पुटपुटला. समोर बसलेल्या साल्किनला ऐकू जाईल इतपतच.

साल्किनची नजर स्क्रीनवरून हलेना. रात्रीत कुठे किती बर्फ पडला, हे घाटावरची सहा केंद्रं बिश्केकमधल्या या कोंदट खोलीत रोज सकाळी कळवायची. आज तीन आणि पाच नंबरवर चाळीस-चाळीस सेंटिमीटर. मधल्या चारवर शून्य.

ते शून्य तिचंच. सहा वर्षांपूर्वी एखादं केंद्र गप्प बसलं, की अख्खा प्रोग्राम कोसळायचा. पाहुण्यांसमोर दोनदा नाक कापलं गेलं, तेव्हा तिनं प्रोग्रामला बजावून ठेवलं: ज्या केंद्राचं नाव त्या दिवशीच्या नोंदींत सापडणार नाही, त्याच्यासाठी शून्य दे. एवढीशी ओळ. प्रोग्राम पुन्हा कधी पडला नाही, सगळ्यांनी पाठ थोपटली. मग त्या ओळीवर घाटाचं फाटक उघडायचा निर्णय आला, हिवाळ्याचे अहवाल आले, अहवालांखाली तिच्या सह्या आल्या.

त्यांचे साहेब एर्निस बायके फोनवर तळवा दाबून आत आले. "साल्किन, फाटकावर चाळीस मिनीबस अडकल्यात. माणसं बोंबलतायत. चारवर शून्यच ना?"

"दिसतंय तर तसंच, बायके."

"वाऱ्यानं उडवला असेल," तुरात म्हणाला.

"फक्त चारवरचा? निवडून नेतो का रे तुझा वारा?" साल्किननं विचारलं.

"मी आपलं सुचवलं, एजे." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला एजेच म्हणायचा.

"दर हिवाळ्यात येतं की चारवर शून्य," बायके म्हणाले आणि किटलीकडे बघू लागले. तुरातही किटलीकडेच बघत होता. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

येतं की. त्यातली खरी किती? आज तोंड उघडलं तर सहा हिवाळ्यांचे अहवाल उकरले जाणार. नाही उघडलं, तर चाळीस गाड्या चार नंबरच्या, कधीही हिमकडा कोसळेल अशा उताराखालून जाणार. साल्किनच्या पाठीवरून घाम ओघळला.

"हॅलो? उघडू का फाटक?" फोन बायकेंच्या तळव्याखालून ओरडला.

तिनं हात पुढे केला. बायकेंनी फोन दिला, जरा जास्तच चटकन.

"उघडू नका," ती म्हणाली. "चार नंबरनं कालपासून काही कळवलेलंच नाही. ते शून्य मी घातलेलं आहे. तिथं किती बर्फ आहे, आम्हाला माहीत नाही. आणि याआधीही कित्येकदा माहीत नव्हतं."