हनुवटीवरचे गोंदण

मित्रांनो, म्हसावदच्या बाजारात भटूभाऊंच्या फोटो स्टुडिओत कधी आलात, तर आरशाशेजारच्या खिळ्याला एक काळा कोट लटकलेला दिसेल. तोच मी. अलीकडे माझी मान जरा खाली झुकलेली असते. हँगर नाही म्हणून झुकली असेल, असे समजू नका. मला लाज वाटते.

माझा जन्म शहाद्याच्या एका शिंप्याकडे झाला. एका नवरदेवासाठी मला शिवले होते. लग्न झाले, नवरदेवाचे पोट सुटले आणि मी भटूभाऊंकडे आलो. त्यांनी माझ्या आत पांढऱ्या शर्टाची नुसती छाती आणि एक लाल टाय कायमचा शिवून टाकला. पाठीत मला उभे चिरले. आता मी कोणालाही समोरून चढवता येतो, मागे चिमटे लावले की काम झाले. फोटोत पाठ दिसत नाही.

पोलीस भरतीची मुले, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात अर्ज करणारे, लग्नाला उभे राहिलेले, सगळ्यांनी मला अंगावर घेतले. "कोटमा एकदम सायेब दिसस!" असे भटूभाऊ म्हणत आणि मी फुगत असे. मग ते संगणकावर गिऱ्हाइकाचा चेहरा गोरा करत, डाग पुसत. न विचारता हे करायचे, ही आमच्या स्टुडिओची रीतच होती. गोंदणही ते डागातच धरत. डोंगरातून उतरणाऱ्या कितीतरी पावरा आदिवासी मुलींच्या चेहऱ्यावरचे हिरवे ठिपके माझ्यादेखत नाहीसे झाले. कोणी तक्रार केली नाही, म्हणून मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

गेल्या हिवाळ्यात संध्या आली. म्हसावदच्या वरच्या अंगाला, डोंगरात तिचे गाव. डोंगरउतारावर पिकणाऱ्या भगरीवर तिने पुण्यात संशोधन केले होते आणि जपानमधल्या एका विद्यापीठाने तिला नोकरी देऊ केली होती. पण परदेशी माणसाला कामावर घ्यायचे, तर तिथल्या विद्यापीठाला आधी जपानच्या सरकारकडे अर्ज करावा लागतो. ही बाई अमुक काम करणार, हिला आम्ही बोलावले आहे, असे लिहून द्यावे लागते. त्यावर मंजुरीचा कागद येतो आणि तो दाखवला की व्हिसा मिळतो. त्या अर्जासाठी संध्याचा फोटो हवा होता.

"जपानले जाई ऱ्हायनी, मंग कोट नको का?" असे म्हणून भटूभाऊंनी मला तिच्या अंगावर चढवले. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. भटूभाऊंनी आधी पावडर लावली, मग संगणकावर उरलेसुरले पुसले. संध्या पडद्याकडे बघत राहिली. तिने स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवले, थोडी हसली आणि म्हणाली, "हाच पाठवा."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, या वेळी आईला घेऊन. तुळशीबाई बाजाराला निघाल्या होत्या, म्हणून सोबत. गावात फोनला रेंज नाही आणि विद्यापीठाच्या बाईंना संध्याशी व्हिडिओवर समोरासमोर बोलायचे होते. संध्या येताना घरूनच हनुवटीला पावडर लावून आली होती. मला पुन्हा तिच्या अंगावर चढवले आणि भटूभाऊंच्या संगणकावर त्या बाई दिसू लागल्या. बोलणे इंग्रजीत होते. इतकी वर्षे स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्यांचे फोटो काढण्यात गेल्याने मला ते समजले.

"पासपोर्टवर तुमच्या हनुवटीला खुणा आहेत, या फोटोत नाहीत," त्या बाई म्हणाल्या. "सरकारपुढे तुमची हमी आम्ही देतो. असा फोटो गेला तर अर्ज परत येईल. एप्रिलपर्यंत मंजुरी आली नाही, तर ही जागा राहणार नाही. खुणा कशा गेल्या?"

"स्टुडिओवाल्यांची चूक झाली," संध्या म्हणाली.

'स्टुडिओ' एवढा शब्द भटूभाऊंना कळला. त्यांनी मान खाली घातली.

"पण फोटो पाहून तुम्हीच पाठवलात ना?"

"हो," संध्या म्हणाली. "मला तो जास्त आवडला होता."

खरा फोटो आणि खुलासा लगेच पाठवा, असे सांगून बाई पडद्यावरून गेल्या. तुळशीबाईंनी लेकीला पावरीत काहीतरी विचारले. पावरी मला अर्धीमुर्धीच कळते, म्हणून त्यांचे बोलणे मराठीत सांगतो. बाई काय म्हणाली आणि तू काय म्हणालीस, एवढेच त्यांनी विचारले. खोटे सांगणे सोपे होते. आईला इंग्रजी येत नव्हते. पण संध्याने सगळे सांगितले, फोटो आवडला होता तेसुद्धा.

तुळशीबाईंच्या हनुवटीवरही तसेच तीन ठिपके आहेत. त्या लेकीकडे बघत म्हणाल्या, "गोंदताना तू फार रडली होतीस. मी तुझे हात धरून ठेवले. तेव्हा सोडायला हवे होते का?"

संध्या रडू लागली. मग तिने स्वतःच मागे हात नेऊन चिमटे काढले आणि मला खुर्चीवर ठेवले. तुळशीबाईंनी पदर ओला करून तिची हनुवटी पुसली. तिच्या साध्या निळ्या कुर्त्यातच फोटो निघाला. भटूभाऊंनी त्यात काहीही केले नाही.

मंजुरी वेळेत आली आणि संध्या गेली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण भटूभाऊंना गावाला दाखवायचे होते की जपानला गेलेल्या मुलीचा फोटो आपण काढला. त्यांनी तो मोठा करून दर्शनी काचेत लावला. पण कुर्त्यातला नाही, कोटातला. तो जास्त शोभतो, असे त्यांना वाटले. खरे सांगू? मलाही वाटले. काचेत मी किती रुबाबदार दिसत होतो!

बाजाराच्या दिवशी तुळशीबाई काचेसमोर थांबल्या. सोबत त्यांच्या गावच्या गजराबाई होत्या. फोटो बघून तुळशीबाईंनी, बाजारात बोलतात तसे, अहिराणीत शांतपणे विचारले, "भटूभाऊ, हाई कोन्ही पोर शे?"

ही मुलगी कोणाची, असे तिची आईच विचारत होती. भटूभाऊंनी उठून फोटो उतरवला. खिळ्यावर मला कुठे तोंड लपवावे ते कळेना, कारण त्या फोटोत मी होतो आणि तुळशीबाईंची लेक नव्हती.

मित्रांनो, मी अजून कामाचा आहे. मला झटका, उन्हात घाला, उसवलो तर दोन टाके मारा, आणि खुशाल अंगावर घेऊन फोटो काढा. पण तुमच्या आईला काचेसमोर उभे राहून असा प्रश्न विचारायची वेळ आणू नका.