पियानोतून आवाज येत नाही

टॉर्च दातांत धरून क्षिप्रा पियानोखाली उताणी सरकली आणि तिचं डोकं पेडलच्या दांडीवर आपटलं.

“लागलं का गं?” सुरेखाकाकूंनी विचारलं.

“अंहं.”

लागलं होतं. पण दुरुस्तीला आलेल्या माणसाला असं लागून चालत नाही. तिने टॉर्च हातात घेतला आणि तारा एकेक करून हलवून पाहिल्या. वीज येत होती. पेडलची तार घट्ट होती. खालून तिला फक्त काकूंची पावलं दिसत होती आणि पलीकडे सोफ्याजवळ हेमचंद्रकाकांची, एक चप्पल सरळ, डावी जरा तिरकी.

“दिवा लागतो, पट्ट्या खाली जातात, सगळं होतं,” काकू सांगत होत्या. “आवाज तेवढा येत नाही. मी ह्यांना म्हटलं, दुकानात फोन करूया. हे म्हणतात, राहू दे. आता गणपती तोंडावर आले, मंडळाचा उल्हास रोज विचारतोय. राहू दे म्हणून कसं चालेल?”

“मी म्हणालो, घाई नको,” काका म्हणाले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे शब्द थोडे ओढल्यासारखे यायचे, पण चेष्टा मात्र वेळेवर यायची. “आणि तू तर थेट इंजिनिअरबाईंनाच बोलावलंस.”

इंजिनिअरबाई पियानोखाली खूश झाल्या. मे महिन्यापर्यंत क्षिप्राला कुणी कशालाच बोलावत नसे. मग सेरंगूनला ऋताच्या घरी पेडल उलटं चालायला लागलं. पाय ठेवला की सूर तुटायचा, उचलला की लांबत राहायचा. ऋताचे बाबा दुकानाचा नंबर शोधत होते, तेवढ्यात क्षिप्राने पियानो बंद केला, ऋताला पाय बाजूला घे म्हटलं आणि पुन्हा चालू केला. झालं. ऋताला पेडलवर पाय ठेवूनच बटण दाबायची सवय होती, त्यामुळे यंत्राची समजूत उलटी होत होती, एवढंच. पुढे सारंगच्या घरी सगळे सूर अर्ध्या पट्टीने चढले. कुणाचा तरी धक्का लागून पट्टी बदलायचं बटण दाबलं गेलं होतं. तेही तिनेच काढलं. सिंगापूरच्या मराठी घरांत बातमी एमआरटीच्या ट्रेनपेक्षा वेगाने जाते. आता ती शाळेतही पुढच्या बाकावर बसायची, उत्तर येत नसलं तरी हात वर करायची, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा उत्तर यायचंच.

पण आजचं काम वेगळं होतं, हे तिला ठाऊक होतं. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी सुरेखाकाकूंचं गाणं आणि हेमचंद्रकाकांची पेटी असायची. लहानपणी ती आईच्या मांडीवर झोपून जायची आणि काकूंचा आवाज वर चढला की जागी व्हायची. गेल्या वर्षी काकांना बँकेतच झटका आला. उजवा हात वाचला, डावा अडला. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवायचा असतो. लोकांनी दुसरे पेटीवाले सुचवले, तोआ पायोह भागातच एक चांगला मुलगा होता, पण काकू नाही म्हणाल्या, आणि त्या वर्षी गायल्याच नाहीत. मग रोहन, त्यांचा मुलगा, मेलबर्नहून सुट्टीवर आला आणि त्याने हा डिजिटल पियानो घेऊन दिला. ह्याला भाता नाही. एका हाताने वाजवता येतो. यंदा काकूंचं नाव ठेवायचं की त्यांची वेळ दुसऱ्याला द्यायची, हे उल्हासकाकांना आज संध्याकाळी कळवायचं होतं.

“मी खाली जाऊन दही घेऊन येते,” काकू म्हणाल्या. “तू बघ तोवर. जेवूनच जा, क्षिप्रा. आईला मी सांगितलंय.”

बाहेरची जाळी वाजली, कुलूप लागलं. लिफ्टचा आवाज आला आणि गेला.

क्षिप्रा बाहेर सरकली, उठली, आणि सगळ्यात सोपी गोष्ट शेवटी पाहते ह्याचा स्वतःवरच राग येऊन तिने पट्ट्यांच्या डाव्या टोकाखाली बोट फिरवलं. तिथे हेडफोनची दोन भोकं होती, एक मोठं, एक लहान. मोठ्या भोकात काहीतरी होतं. बोटाच्या पेरापेक्षा छोटं, थंड, धातूचं.

“काका, सापडलं.” ती जवळजवळ नाचली. “हे बघा ना. हेडफोनची पिन छोटी असेल तर मोठ्या भोकासाठी हा तुकडा लावतात. हेडफोन काढले, तुकडा आतच राहिला. त्यामुळे पियानोला वाटतंय, अजून हेडफोन लावलेत. म्हणून तो बाहेर आवाज सोडतच नाही. इतकं सिम्पल. काढू?”

काका तुकड्याकडे पाहत नव्हते. ते पियानोच्या स्टुलाकडे पाहत होते. क्षिप्राने त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि स्टुलाचं झाकण उचललं. आत, जुन्या टॉवेलखाली, काळे हेडफोन नीट गुंडाळून ठेवले होते.

“काढू नकोस,” ते म्हणाले.

ती तुकड्यावर बोट ठेवून तशीच उभी राहिली.

“तिला माहीत नाही,” काका म्हणाले. “ती ऑफिसला गेली की बसतो. यायच्या आधी उठतो.”

“पण काकूंना तर आवडेल ऐकायला.”

“हो. ऐकेल, आणि छान म्हणेल.” काका म्हणाले. “लग्नाआधीपासून माझ्या पेटीवर गातेय. आजवर मला एकदाही छान म्हणाली नाही. चुकलं तर मान नुसती अशी करायची, की मला कळायचं. आता आजारी माणूस म्हणून छान म्हणेल. ते नको.”

क्षिप्राने दप्तरातून एमपीथ्री प्लेअर काढला, त्याच्या इअरफोनची पिन ओढून काढली आणि लहान भोकाकडे बोट दाखवलं.

“मी ऐकू का? मला पेटीतलं काही कळत नाही. मी छानबिन काही म्हणणार नाही.”

काका हसले. मग पाय ओढत आले, बसले, हेडफोनची पिन त्या तुकड्यात खोचली आणि ते उजव्या हाताने डोक्यावर चढवले. ती मदतीला पुढे झाली नाही. तिने आपली पिन लहान भोकात घातली, इअरफोन कानांत घातले आणि ती खाली फरशीवर बसली.

सुरुवातीला तिला वाटलं, ते बोटं मोकळी करत आहेत. दोन सूर, चार सूर, परत दोन. मग त्या सुरांना वळण आलं आणि तिने मान वर केली. तिला पियानो शिकवणाऱ्या बाई सारख्या म्हणायच्या, मनगट उचल, बोटं गोल ठेव. काकांचं ह्यातलं काहीच नव्हतं. बोटं चपटी, पट्टीला चिकटलेली, एका सुरावरून दुसऱ्यावर उचलून न जाता घसरत गेल्यासारखी. पियानोचा सूर तर दाबला की विरायला लागतो, पेटीसारखा धरून ठेवता येत नाही. तो विरायच्या आत काका पुढचा सूर त्याच्या हाताशी आणून ठेवत होते. यंत्राचं जे सगळ्यात मोठं वैगुण्य, तेच त्यांनी असं लपवलं होतं की ते तिथे आहे हे पियानो शिकणाऱ्यालाच कळावं. शाळेत कुणालाही हे येत नव्हतं. तिच्या बाईंनाही, बहुतेक, नाही.

आणि डावा हात. तो मांडीवर पडलेला असेल असं तिने गृहीत धरलं होतं. तो पट्ट्यांवर होता. एक बोट, मधलं, खालच्या ‘सा’वर. बाकीची बोटं आखडून आत वळलेली, ते एकटंच बाहेर. ते फार सावकाश खाली जायचं, कधी उशिरा जायचं, पण जायचं. दर वेळी काकांचा खांदाही बरोबर खाली यायचा. एका सुरासाठी अख्खा खांदा.

मध्येच ते थांबले. क्षिप्राला वाटलं, चुकलं. पण उजवा हात हवेत तसाच होता आणि डोकं ताल धरून हलत होतं. थोड्या वेळाने त्यांनी नेमका पुढचा सूर उचलला. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबले. ह्या वेळी जास्त वेळ. आणि थांबलेले असताना त्यांची मान उजवीकडे वळलेली होती, जिथे कार्यक्रमात काकू बसायच्या.

तिसऱ्यांदा ते थांबले तेव्हा क्षिप्राने श्वास धरून ठेवला होता.

बाहेरची जाळी खडखडली. किल्ल्या वाजल्या, मग पडल्या, मग पुन्हा वाजल्या. काकूंना कुलूप सापडत नसावं. तोवर काका उठले होते. हेडफोन टॉवेलखाली गेले, झाकण पडलं. तुकडा मात्र भोकातच राहिला.

“झाला का गं?” काकू दारातूनच म्हणाल्या.

क्षिप्राने काकांकडे पाहिलं नाही. ऋताचं घर, सारंगचं घर, शाळेतला पुढचा बाक, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून सरकलं. उद्या ऋता विचारणारच होती.

“नाही झाला,” ती म्हणाली. “आतला प्रॉब्लेम आहे. मला नाही जमलं.”

“अस्सं.”

“वेळ लागेल त्याला. पण होईल. दुकानात फोन नका करू, ते उगाच उघडून ठेवतील.”

काका खिडकीपाशी गेले होते. खालच्या पोरांचा बास्केटबॉल चालू होता, तो पाहत उभे राहिले.

“ये, मला कोथिंबीर निवडून दे,” काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी दह्याचा डबा क्षिप्राच्या हातात दिला. तो ठेवायला तिने फ्रिज उघडला. वरच्याच खणात दह्याचा दुसरा डबा होता, न उघडलेला. तिने वळून पाहिलं. काकू कांदा चिरत होत्या.

“खालच्या मजल्यावरच्या आंटी आहेत ना,” काकू म्हणाल्या, “त्या मला परवा लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या घरी रोज दुपारी कोण मसाला कुटतं? ठक ठक, ठक ठक. मी म्हटलं, दुपारी तर मी ऑफिसात असते.” त्यांनी अर्धा कांदा उलटा केला. “मग वर येऊन ह्यांना विचारलं, पियानो काय म्हणतो? हे म्हणाले, बिघडलाय.”

आवाज बंद असला तरी पट्ट्यांची ठकठक फरशीतून खाली जाते, हे क्षिप्राच्या आत्ता लक्षात आलं आणि ती कोथिंबिरीच्या जुडीची दोरी सोडत राहिली. ती सुटलेली होती तरी.

“बिघडलाय, काकू,” ती म्हणाली.

“हो. तू म्हणालीस ना आत्ता.” सुरी थांबली. काकूंनी आवाज अगदी खाली आणला. “कसं वाजवतात गं?”

छान, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. ते तिने तिथेच थांबवलं. मग काय म्हणायचं? तिला रागाचं नाव माहीत नव्हतं, तालाचं माहीत नव्हतं.

“मध्येमध्ये थांबतात,” ती म्हणाली. “तुम्ही गाताय असं धरून.”

काकूंनी सुरी खाली ठेवली. त्यांनी ओट्याची कड धरली होती.

“कुठे थांबतात?”

क्षिप्राने डोळे मिटले आणि आठवेल तसं गुणगुणलं. शेवटचा सूर जरा खालीच लागला. काकूंची मान किंचित हलली, नुसती अशी. क्षिप्राने सूर वर घेतला आणि थांबली. काकूंनी तिथूनच उचललं, तोंडातल्या तोंडात, ओठ जेमतेम हलत होते, पण ज्या ठिकाणी तो रिकामा वेळ होता तो बरोबर भरला, आणि संपला तेव्हा क्षिप्राला पुढचा सूर काकांच्या उजव्या हाताने आत्ता वाजवला असता हे न ऐकताच कळलं.

“उशीर होतो का त्यांना? डाव्या हाताला?”

“होतो.”

“मग मी जरा लय उतरवते,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा कांदा चिरायला लागल्या.

फोन वाजला. हात पदराला पुसत त्या बाहेर गेल्या. क्षिप्रा जुडी घेऊन दारात उभी राहिली. काका अजून खिडकीपाशीच होते, पाठमोरे.

“हां, उल्हास. हो, तुझ्याच फोनची वाट बघत होते. आमचं नाव यादीत राहू दे.” काकू नेहमीपेक्षा थोड्या मोठ्याने बोलत होत्या. “पियानो? नाही रे, बिघडलेलाच आहे. क्षिप्रा आलीये बघायला, निशिकांतची मुलगी. वेळ लागेल म्हणाली.”

पलीकडून उल्हासकाका बराच वेळ काहीतरी सांगत राहिले.

“नाही, दुसरा कुणी नको,” काकू म्हणाल्या. “त्या मुलीला कळतं त्यातलं. ती होईल म्हणाली आहे.”